मौजे पृथ्वी, हद्द कायम करणे

आमच्या अकोल्याच्या मोजणी कचेरीत, खिडकीजवळच्या कपाटात, खालून दुसऱ्या खणात एक फाइल होती. तिच्यावर टपोऱ्या सरकारी अक्षरांत लिहिलं होतं : 'मौजे पृथ्वी. तालुका : नाही. जिल्हा : नाही. विषय : हद्द कायम करणे.' खाली आवक क्रमांक, शिक्का, सगळं रीतसर. मी त्या कचेरीचा अभिलेखपाल, म्हणजे जुन्या-नव्या सगळ्या कागदांचा राखणदार. कपाटात उंदीर शिरला तरी मला ठाऊक असायला हवा. आणि ही फाइल चार महिने माझ्या नाकासमोर जाड होत होती, मला पत्ता नव्हता. सापडली तशी ती उचलून मी थेट मोतीरामजी गावंड्यांच्या टेबलाशी गेलो. दुसऱ्या कुणाचं हे काम असणं शक्यच नव्हतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तुमाले वाचता येते ना, जोशीबाबू?" मोतीरामजी पेन्सिलीला टोक काढत म्हणाले. "पृथ्वी वरतं कुठंतरी सरत असन का नाही? सरते तं तिले हद्द हाय. हद्द हाय तं थे कायम झाली पाह्यजे. आजवर कोणी केली नाही, म्हणून फाइल काढली. यात माहं काय चुकलं?"

काय चुकलं ते सांगायला मी तोंड उघडलं आणि पान उलटलं. आत आमच्या साहेबांची सही होती. साहेब पुण्याहून नवीनच बदलून आलेले, वऱ्हाडी बोलणं कानावर पडलं की डोळे मिटून घेणारे. महिनाअखेरीला साठ-सत्तर फायली एका दमात त्यांच्याकडे सहीला जायच्या. त्या गठ्ठ्यात ही मधोमध घातलेली. साहेबांनी मौजे अमुक आणि मौजे तमुक यांच्या मधल्या मौजे पृथ्वीवरही शेरा मारला होता : 'नियमाप्रमाणे कार्यवाही व्हावी.'

आता ही फाइल बंद करायची तर साहेबांना जाऊन सांगावं लागणार, की साहेब, तुम्ही पृथ्वीची मोजणी मंजूर करून बसला आहात. माझी काही तेवढी छाती नव्हती. मी मुकाट्यानं फाइल माझ्या नोंदवहीत चढवली आणि कपाटात परत ठेवली.

मोतीरामजी मूळचे हिवरखेडचे, काळ्या मातीतले. मॅट्रिक होऊन मोजणीदार झाले आणि पंचेचाळिशीपर्यंत निम्मा अकोला जिल्हा त्यांनी साखळीखाली घातला. आमची ही साखळी म्हणजे तेहेतीस फुटी लोखंडी कड्यांची लांबलचक माळ. तिचे सोळा भाग, आणि प्रत्येक भागाला म्हणायचं आणा. जमीन मोजताना एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं, ताण द्यायचा आणि आणे वाचायचे. मोतीरामजींना फुटांत बोलता येत नसे. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला ते घरी जेवायला आले आणि बायकोला म्हणाले, "वहिनी, तुमची पोळी मोठी हाय. चांगली अर्धा आणा भरते." तिला ते कौतुक समजायला मला बरंच बोलावं लागलं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : "मोक्यावर कोण गेलं होतं?" मोका म्हणजे प्रत्यक्ष जागा. मोजणीदारानं कचेरीत बसून नकाशा काढायचा नसतो, मोक्यावर जायचं असतं, हे आमच्या खात्याचं पहिलं शास्त्र. बाकीच्यांनी ते खात्यापुरतं ठेवलं. मोतीरामजींनी सगळ्या जगाला लावलं. कुणी म्हणालं, कचेरीमागच्या चिंचेवर भूत आहे, की हे विचारणार, "मोक्यावर कोण गेलं होतं?" आणि कुणीच गेलेलं नसलं की स्वतः जाऊन, चिंचेखाली अर्धा तास बसून, "काही नाही बाप्पा, माकोडे हायत" असा मुंगळ्यांचा अहवाल आणणार. माझ्याकडे सत्यनारायणाला आलेले गुरुजी स्वर्ग किती योजनं दूर आहे ते सांगत होते. मी हात जोडून मोतीरामजींकडे पाहत होतो, की बाबा, आज नको. पण ते विचारलंच त्यांनी. गुरुजींनी त्या दिवशी उरलेले अध्याय फार घाईनं उरकले.

मी मूळचा अमरावतीचा. आमच्याकडेही विक्षिप्त माणसं आहेत, अमरावती त्या बाबतीत अकोल्याला हार जाणार नाही. पण पृथ्वीची फाइल काढणारा मी दुसरा पाहिला नाही.

या सगळ्याला तोंड फुटलं ते रशियाचा उपग्रह उडाला तेव्हा. अख्खं अकोला संध्याकाळी गच्च्यांवर चढून आभाळात बोटं दाखवत होतं. मोतीरामजींनी कचेरीच्या अंगणात आपली तिपाई मांडली, तिच्यावर नकाशा काढायची फळी, फळीवर कोरा कागद, आणि एक डोळा मिटून बसले. आठ संध्याकाळी गेल्या. नवव्या दिवशी दिवेलागणीला एक ठिपका चिंचेच्या शेंड्यावरून निघाला आणि सरळ चालत स्टेशनाच्या अंगाला गेला. मोतीरामजींचा हात कागदावर रेघ ओढत होता आणि तोंडानं ते पुटपुटत होते, "जाय, जाय, पाहून ये." रेघ पुरी झाल्यावर त्यांनी माझा दंड असा दाबला, की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं होतं.

"आभाळाबद्दल बोलणारे लय पाह्यले, जोशीबाबू," ते म्हणाले. "पण आपापल्या वट्ट्यावर बसून. मोक्यावर जाणारा हा पह्यला."

त्याच आठवड्यात फाइल निघाली. मग पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेनं उपग्रह सोडला आणि त्यात किरण मोजायचं यंत्र बसवलं असल्याची बातमी आली. अवकाशातून आलेला एक कण यंत्रावर आपटला की एक टक वाजायची, आणि ती टक खाली पृथ्वीवर ऐकू यायची. मोतीरामजींनी ती बातमी कचेरीत उभं राहून मोठ्यानं वाचली. शिपायाला वाचून दाखवली. मोजणीच्या अर्जासाठी आलेल्या दोन शेतकऱ्यांना, त्यांचा अर्ज बाजूला ठेवून, आधी ती वाचून दाखवली. "नुसता गेला नाही, साखळी टाकून राह्यला वरतं," म्हणाले. ते शेतकरी बिचारे "व्हय जी, व्हय जी" करत राहिले, कारण त्यांना वाटलं याशिवाय मोजणी मिळत नाही.

फायलीत मजकूर असा असे : 'लगतचे धारक : एके बाजूस चंद्र, बाकी सर्व बाजूंनी सरकारी पडीत. अतिक्रमण : सूर्याकडून, दररोज.' ती फाइल पुढे सात-आठ वर्षं चालली. मंगळाजवळून यान गेलं आणि पृथ्वीभोवती आहे तसा किरणांचा पट्टा मंगळाला नाही असं छापून आलं, तेव्हा मोतीरामजी दिवसभर हळहळत होते. "बिनधुऱ्याचं वावर," म्हणाले, म्हणजे बांध नसलेलं शेत. "माती वाहून गेली असन त्याची." पण ते फार पुढचं. मला सांगायचं आहे ते अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यातलं.

त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. मोतीरामजींची बायको लग्नानंतर दोन वर्षांतच गेली. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. अकोल्याच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि खुंटीला घरची जुनी साखळी. नात्याचं म्हणावं असं एकच माणूस, हिवरखेडचा थोरला भाऊ सदाशिव. आईबाप लवकर गेले, तेव्हा या भावानंच त्यांना वाढवलं, शिकवलं. आणि त्या भावानं नऊ वर्षं त्यांच्याशी अबोला धरला होता.

कारण काय, तर वाटणी. वावराचे दोन भाग करायचे होते. मोजणीदारानं स्वतःची जमीन मोजू नये असा आमच्यात दंडक आहे, पण भाऊ म्हणाला, घरात मोजणीदार असताना बाहेरचा काहून आणायचा? मोतीरामजींनी मोजली. मधला धुरा, म्हणजे दोन वावरांमधला न नांगरायचा बांध, तीन आण्यांचा ठेवला. आणि भावानं स्वतःच्या हातानं लावलेलं, पाणी घालून वाढवलेलं निंबाचं झाड मोतीरामजींच्या वाट्याला गेलं. भाऊ म्हणाला, "एवढं झाड मले राहू दे." मोतीरामजी तेव्हा मोजणीदारीच्या ताठ्यात. म्हणाले, "मोजणी म्हंजे मोजणी, दादा. साखळी खोटं बोलत नाही." भाऊ म्हणाला, "साखळी खरी असन. तू भाऊ नाही राह्यला." आणि घराकडे निघून गेला. मोतीरामजींनी आपला वाटा बटईदाराला, म्हणजे अर्ध्या पिकाच्या बोलीवर कसणाऱ्याला, लावून दिला. हे मोतीरामजींनी मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

तेव्हापासून दर दिवाळीला ते भावाला जवाबी कार्ड पाठवायचे. पूर्वी हे जोडकार्ड मिळे. एका कार्डावर आपण लिहायचं, दुसरं कोरं सोडून त्यावर आपला पत्ता घालायचा, म्हणजे समोरच्यानं फाडून उत्तर लिहून टाकायचं. मोतीरामजी लिहीत, 'दादा, दिवाळीचा नमस्कार. तब्येत कळवणे.' आठ-दहा दिवसांनी कचेरीच्या पत्त्यावर उत्तराचं कार्ड यायचं. एका बाजूला मोतीरामजींच्याच अक्षरातला पत्ता. दुसरी बाजू कोरी. एक अक्षर नाही. अशी नऊ कार्डं आली. भाऊ चौथी शिकलेला होता, पोथी घडाघडा वाचत असे, तेव्हा लिहिता येत नाही म्हणावं तर तेही नव्हे. टपाल माझ्या हातून जायचं. मी ते कार्ड पालथं करून त्यांच्या टेबलावर ठेवायचो. ते उलटून बघायचे, खिशात घालायचे, आणि त्या दिवशी कुणालाच मोक्याबद्दल विचारायचे नाहीत. त्यांचं खाणंपिणं, झोप, सगळं एकाच गोष्टीवर अडलेलं होतं : दादाच्या मनात आपण आहोत की नाही?

आता मे महिना. अकोल्याचा मे महिना मी अमरावतीच्या शत्रूलाही दाखवणार नाही. साहेबांच्या टेबलावर शिपाई डब्याखाली वर्तमानपत्राचं पहिलं पान पसरायचा. एका दुपारी मोतीरामजी सही घ्यायला गेले आणि साहेब जेवत असताना त्यांच्या डब्याखालचं वाचायला लागले. साहेबांनी डोळे मिटले. मोतीरामजींनी डबा उचलला, पान ओढून घेतलं, डबा परत ठेवला आणि बाहेर आले. पानावर वरणाचे थेंब, आणि मधोमध बातमी : उपग्रहातलं किरण मोजायचं यंत्र खाली असताना व्यवस्थित टकटक करतं, पण फार उंचावर गेलं की एकदम मुकं होतं. तिथे आकडा शून्य. शास्त्रज्ञ बुचकळ्यात पडले. आणि खाली कंसात 'पान पाच पाहा'.

इथे माझी जीभ लांब झाली. आमच्या खात्यात मोजणीदारांनी दरमहा कामाचा तक्ता पाठवायचा असतो. काही काम झालं नसलं की त्यात एकच शब्द लिहितात, 'निरंक'. मी सगळ्या कचेरीदेखत म्हणालो, "काय मोतीरामजी, तुमच्या मोजणीदारानं मोक्यावर जाऊन निरंक पाठवला. तिथे काहीच नव्हतं वाटतं."

सगळे हसले. मोतीरामजी नाही हसले. त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला, कार्ड ठेवायचे त्या. मला कळलं, आपण काय बोललो. मी मूर्ख, दुसरं काय.

"पान पाच पाह्यजे," ते एवढंच म्हणाले.

मग जो शोध सुरू झाला तो सांगायची सोय नाही. वाचनालयात गेलो, तर तिथल्या अंकाचं पान पाच कुणीतरी स्थळाच्या जाहिरातीसाठी कापून नेलेलं. न्हाव्याच्या दुकानात पान चार-पाच सापडलं, पण त्यावर दाढीचा साबण पुसून पुसून मजकुराची खीर झालेली. चिवडेवाल्याकडे गेलो, त्याच्याकडे सहा-सात होतं. मोतीरामजी भर उन्हात पुढे, मी छत्री घेऊन मागे. तीन दिवस असे गेले. मला माझ्या बोलण्याची भरपाई करायची होती म्हणून मी गेलो, नाहीतर त्या उन्हात मी स्वतःच्या सासऱ्यासाठीही निघालो नसतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. साहेबांच्या पेपरची उरलेली रद्दी दर शनिवारी मीच घरी आणतो आणि आमच्या सौभाग्यवती ती फडताळात अंथरतात. लोणच्याच्या बरणीखाली अंथरलेल्या कागदावर मला अक्षरं दिसली, 'पान एकवरून पुढे'. मी तसाच अनवाणी मोतीरामजींच्या खोलीवर पळालो.

ते आले, बायकोची परवानगीसुद्धा न घेता स्वयंपाकघरात घुसले, आणि फडताळात डोकं घालून वाचू लागले. बायकोनं बरणी उचलून धरली होती. मी चिमणीचा उजेड दाखवत होतो. तेलाच्या डागातून एकेक ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली. यंत्र बिघडलं नव्हतं. वर काही नव्हतं असंही नव्हतं. उलट तिथे किरण इतके दाट होते, इतके एकावर एक येऊन आदळत होते, की यंत्राला एक टक वाजवून दुसरीसाठी श्वास घ्यायलाही सवड मिळत नव्हती. ते गुदमरलं आणि गप्प झालं. शास्त्रज्ञांनी तसंच यंत्र घेतलं, त्याच्यावर भरमसाट किरण सोडले, आणि तेही तसंच मुकं झालं. तेव्हा उलगडलं की पृथ्वीभोवती अशा कणांचा एक प्रचंड पट्टा आहे, आणि शून्य आलं ते फार झाल्यामुळे.

"सापडली हद्द," मी ओरडलो. मला खरंच आनंद झाला होता. "मोतीरामजी, फाइल चढवा."

ते फडताळातून डोकं काढेनात. बायको म्हणाली, "भाऊजी, हात दुखतो माझा." तेव्हा ते बाहेर आले आणि तिथेच पाटावर बसले.

"वहिनी, एक सांगा," ते म्हणाले. "ज्याले काहीच म्हणायचं नाही, तो माणूस कार्ड काय करन?"

"फाडून टाकेल," बायको म्हणाली.

"चुलीत घालन. बरोबर. पण कोरं कार्ड वापस पाठवाचं तं पोष्टापावतर जावं लागते. आमच्या वावरापासून पोष्ट पक्क्या साठ साखळ्या हाय. नऊ वर्षं तो गेला." मग एकदम त्यांचा आवाज पडला. "पण हे सगळे अंदाज. मले काय माहीत त्याच्या मनात काय हाय."

आणि माझा तोल गेला. तीन दिवसांचं ऊन डोक्यात होतं, शिवाय त्या दिवशीच्या बोलण्याची टोचणी होती. मी म्हणालो, "मग जा ना. चिंचेवरच्या भुताला विचारायला जाता, गुरुजींना स्वर्गाचा पत्ता विचारता, अमेरिकेनं वर जाऊन पाहिलं म्हणून नाचता. हिवरखेड काय चंद्रावर आहे? नऊ वर्षांत तुम्ही एकदा तरी मोक्यावर गेलात का?"

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की त्या रात्री मला जेवायला मिळेल की नाही अशी शंका आली. मोतीरामजी उठले, पायात चपला सरकवल्या आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी सहाला दार वाजलं. मोतीरामजी धुतलेलं धोतर नेसून उभे. खांद्यावर पिशवी, पिशवीत खळखळतंय काहीतरी.

"चाला," ते म्हणाले. "साखळीले दोन माणसं लागते."

एस.टी.नं अकोटपर्यंत ते अखंड बोलत होते. रस्त्याच्या कडेचे मैलाचे दगड कुठे कुठे चुकीच्या जागी आहेत ते त्यांनी कंडक्टरला सांगितलं. अकोटला गाडी बदलली आणि ते गप्प झाले. हिवरखेड जवळ आलं तसं मला हळूच म्हणाले, "शिव्या देल्या तं बरं होईन, जोशीबाबू. शिव्या समजते. पण काहीच नाही बोलला तं?" मी खिडकीतून बाहेर पाहिलं.

घरी जायची त्यांची हिंमत झाली नाही. "आधी वावर पाहू," म्हणाले. कपाशी निघून गेलेली, काळी जमीन तापून भेगाळलेली, पलीकडे सातपुड्याची रांग. मधे तो धुरा, आणि धुऱ्याच्या टोकाला ते निंबाचं झाड. मोतीरामजी धुऱ्यापाशी आले आणि थबकले. मला म्हणाले, "हे टोक धरा." त्यांनी पलीकडच्या तासापर्यंत, म्हणजे नांगरलेल्या शेवटच्या रेघेपर्यंत, साखळी नेली. आणे मोजले. पुन्हा मोजले. मग मला ओरडले, "तुमी बरोबर नाही धरून राह्यले." तिसऱ्यांदा मोजले.

"काय झालं?" मी विचारलं.

"तीन आण्यांचा धुरा होता माह्या हातचा. चौदा भरून राह्यला. साखळीत गडबड हाय."

तेवढ्यात निंबाखालून एक माणूस उठला. उंच, वाळलेला, डोक्याला पांढरा फेटा, खांद्यावर कुऱ्हाड. तो सरळ आमच्याकडे चालत निघाला. चेहरा मोतीरामजींचाच, वर दहा-बारा वर्षांचं ऊन. मोतीरामजी आपलं टोक धरून उभे होते. मी मनात बायकोला आठवलं. तो माझ्यापाशी आला, कुऱ्हाड खाली टाकली आणि माझ्या हातून साखळीचं टोक काढून घेतलं.

"सोडा," तो म्हणाला. "ढिली धरता तुमी."

आणि त्यानं ताण दिला. साखळी सरळ झाली. दोन भाऊ दोन टोकांना. मोतीरामजींनी वाकून परत आणे पाहिले.

"चौदाच हाय, दादा."

"असन."

"तीन होता."

"होता."

"मी बटईदाराले सांगतलं होतं," मोतीरामजी म्हणाले. "दरसाली माह्या आंगचं एक तास सोडून वखर चालव. कोणी म्हणू नये, मोजणीदारानं भावाचं खाल्लं. त्याचा हिशोब अर्धा येते. बाकीचा धुरा कोणी वाढवला?"

भावानं नाकानं एक आवाज केला. "सोडणारा तू एकटाच हायस काय?"

माझ्या कपाटांत धुऱ्याच्या भांडणाचे शेकडो कागद आहेत. एकमेकांची वीत-वीत कोरून खाणारे भाऊ, दगड सरकवणारे भाऊ, कोर्टात म्हातारे झालेले भाऊ. धुरा कमी झाल्याची तक्रार मी रोज पाहतो. दोन्हीकडून वाढलेला धुरा मी आयुष्यात तो एकच पाहिला. हे दोघे आणखी वीस-पंचवीस वर्षं रुसले असते तर पेरायला वावरच उरलं नसतं.

मोतीरामजींनी साखळी खाली ठेवली. "मंग कार्डावर एक अक्षर काहून नाही लिवलं, दादा? नऊ वर्षं मी..."

"काय लिवू? तू तं अक्षरंबी मोजशीन."

"कोरं तरी काहून पाठवे?"

भाऊ सातपुड्याकडे पाहत म्हणाला, "नसतं पाठवलं तं तुले वाटलं असतं, दादा मेला."

मला तिथे उभं राहवेना. मी खाली बसून पायातला न मोडलेला काटा काढू लागलो. मोतीरामजी रडत होते, चांगले हुंदके देऊन, आणि भाऊ त्यांना समजावणं सोडून स्वतःचीच बाजू मांडत होता. "निंबाखाली बसलो होतो म्हणून काही समजू नको. झाड तुह्यंच हाय. पण सकाऊन त्याची सावली माह्या आंगाले येते. मी सावलीत बसतो, झाडाले हात नाही लावत."

"झाड तुह्यं हाय, दादा," मोतीरामजी म्हणाले. "तवाच म्हणाले पाह्यजे होतं मी."

"जाऊ दे. भाकर झाली असन घरी. ह्या साहेबाले उन्हात काहून उभं केलं?"

दोघे निघाले. धुऱ्यावरून माणसं नेहमी एकामागे एक चालतात, दोघांना शेजारी चालायला तिथे जागाच नसते. हे दोघे शेजारी शेजारी चालले होते. थोरल्यानं चालता चालता धाकट्याच्या खांद्यावर हात टाकला. धाकटा हातवारे करून आभाळाकडे दाखवत काहीतरी सांगायला लागला होता आणि थोरला मान हलवत ऐकत होता. मी कुऱ्हाड आणि साखळी उचलून त्यांच्या मागून चाललो होतो. माझ्यासाठी थांबायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.